इगतपुरीचं पाणी आणि सरूचे केस

३ ऑगस्ट १९३५

फणीत केस अडकतात हे साऱ्या जगाला ठाऊक. आज केसांची अख्खी मूठ फणीबरोबर निघालेली पाहिली!

सरू नागपंचमीला आली. आमचं शेंडेफळ. होळीच्या सुमारास इथेच बाळंत झाली, मुलगी झाली, रीतीप्रमाणे तीन महिने आईच्या हाताखाली राहिली आणि वटपौर्णिमा उलटल्यावर इगतपुरीला सासरी धाडली. धाडली तेव्हा वेणी मनगटाएवढी. आज तिची आई, आमची भागी, तिला न्हाऊ घालायला बसली, वेणी सोडली, फणी घातली — आणि आतून अशी हाक आली की माझ्या हातचा हातोडा खाली पडला.

भागीने तो गुंता आणून माझ्या ऐरणीवर ठेवला. म्हणाली, "बघा, तुमच्या इगतपुरीच्या पाण्यानं काय केलं ते." जणू इगतपुरी मी वसवली!

कपाळाच्या दोन्ही कडा उघड्या पडल्या आहेत. भांग बोटभर रुंद. पोर हसायला गेली — "आबा, डोकं कसं हलकं झालंय बघा." पण हसू ओठांपुरतंच. नजर पाळण्याकडे.

साठी ओलांडली. हंडे, घंगाळी, बंब, किती घडवले त्याला गणती नाही. एक केस घडवता येणार नाही.

४ ऑगस्ट

भागीने मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. घरात कुणाला ठसका नाही, म्हणजे दृष्ट जबर! ठसका लागला तो मला एकट्याला. मला कुणाची दृष्ट लागत नाही हे त्या निमित्ताने सिद्ध झालं.

९ ऑगस्ट

सहा दिवसांत पोरीच्या डोक्यावर काय काय नाही झालं! माक्याचं तेल झालं. जास्वंदीची फुलं वाटून झाली. मग शेजारच्या काकू म्हणाल्या ही चाई आहे, चाई म्हणजे केसांची मुळं कुरतडणारा किडा, त्याला गुंज उगाळून लावावी. लावली. कानामागे टरारून फोड आले. चाई होती की नाही देवाला ठाऊक, कातडी मात्र गेली. मी हात जोडले — आता पुरे.

माझ्या डोक्यात वेगळंच घोळतंय. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की आमटी कळकते. हिरवट होते, खाल्ली तर माणूस ओकून हैराण. एकदम खाल्ली तर उलटी. रोज थोडी थोडी पोटात गेली तर? तर केस का जाणार नाहीत?

सरूला विचारलं, तुझी सासू कल्हई कधी लावून घेते. म्हणाली, "दिवाळीला."

दिवाळी ते दिवाळी! सापडलं कारण. मी नेमकी तांबटाच्या घरची पोर दिली, आणि तांबटाच्याच घरी भांडी कळकलेली!

१७ ऑगस्ट

सापडलं म्हणून नाचत गेलो आणि तोंडावर आपटून आलो.

निसारला बरोबर घेतलं होतं. आमच्या आळीच्या टोकाचा कल्हईवाला, भाता, कथील, नवसागर सगळं पोतडीत. म्हटलं, विहीणबाईंची सगळी भांडी आपल्या खर्चाने लखलखीत करून द्यावीत, आपलाही मान, त्यांचाही मान. इगतपुरीला उतरलो तर आभाळ खाली जमिनीवर आलेलं. चार हातांवरचं दिसेना. पाऊस पडत नव्हता, उभाच होता. कसं ते धुकं, कसं ते पाणी! बघतच राहावं.

जावई बाळाजी रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनाच्या तांबटकामाला, तो कामावर. घरी कुसाबाई, आमच्या विहीणबाई. चहा दिला, गूळपापडी दिली. मी अगदी गोडीत भांड्यांचा विषय काढला. तेवढ्यात निसारने, बिचाऱ्याने माझ्या सांगण्यावरून, पडवीत भाता मांडला.

त्या भात्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे माझ्या हातचं अन्न तुमच्या पोरीला विष झालं, असंच ना व्याही? त्याच भांड्यात माझा पोरगा जेवतो. मी जेवते. आमचे केस हायेत जागच्या जागी. तुमच्याकडं तीन महिने होती ती. बाळंतिणीला तूप घातलं का नुसतं दाखवलं?"

मी काहीतरी बोललो. काय बोललो आठवत नाही, चांगलं नसणार. उठताना त्यांचा शेवटचा शब्द — "केस आले म्हंजे धाडा. तवर राहू द्या तिकडंच."

परतीच्या गाडीत निसारने पोतडी पायाशी सरकवली. मग म्हणाला, "आबा, आपण कल्हई लावायला गेलो, आणि होती ती पण उडवून आलो."

१८ ऑगस्ट

भागीला आनंदच झाला. म्हणाली, बरंच झालं, मीच पाठवणार नव्हते त्या पाण्यात. सरूने चुलीपाशी बसून सारं ऐकलं. दिवसभर पदर कपाळाच्या खाली. तिला काय वाटतं ते कळेना, आणि विचारायचं धाडस होईना.

३० ऑगस्ट

बाळाजी आला. घरात येईना, दुकानाच्या पायरीशीच उभा. नातीने त्याचं नाक धरलं तेव्हा कुठे आत आला.

आई घोटीची मुलगी बघते आहे म्हणाला. दुसरी! विरळ डोक्याची सून म्हणजे लक्षण बरं नाही, पोराच्या आयुष्याला बरं नाही, असं कुणीतरी तिच्या कानात भरवलंय. "मी नाही म्हटलंय मामा. पण रोज ताटावर तोच विषय. दिवाळीपर्यंत थांबते म्हणाली." मला त्याचा राग येईना. आईपुढे ज्याची मान वर होत नाही असा तो काही जगातला पहिला मुलगा नव्हे.

तो गेल्यावर आरशात पाहिलं. मला पस्तिशीत टक्कल पडलं. चकचकीत, घंगाळ्यासारखं! भागीच्या माहेरच्यांनी मला परत पाठवलं नाही. कुणी माझं लक्षण काढलं नाही, माझ्या आईच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नाही. पुरुषाचे केस जातात ते बुद्धीने जातात म्हणे. बाईचे जातात ते कुणाच्यातरी दोषाने.

६ सप्टेंबर

आज जे ऐकलं ते आजच लिहून ठेवतो.

गुलजारबी आली होती, निसारची आई. लेकाने इगतपुरीचा पराक्रम सांगितला असणार. ओट्यावर टेकली, नातीला मांडीवर घेतलं, नात खुदकन हसली. त्यावर म्हातारी म्हणाली, "हसायला लागली ना? मग आईचे केस जाणारच. लेकरू ओळखून हसलं की आईची फणी भरते. माझे तर चारही खेपेला गेले. आणि चारही खेपेला आले."

मी आपला नेहमीचा शहाणा. म्हटलं, तुझं सासर कुठलं गं? तिकडचं पाणी बाधलं असेल.

ती माझ्याकडे बघून हसायलाच लागली. "कुठलं म्हणजे? हेच. मला चुलत्याच्याच घरी दिली ना आबा. अंगणाच्या या बाजूला माहेर, त्या बाजूला सासर. विहीर एक. पीठ एका जात्याचं. मी कुणाच्या पाण्याला बोल लावू?"

हातोडा वर होता तो वरच राहिला.

तिला आमची रीत लागू नाही! आमच्या मुली तीन महिने माहेरी राहतात आणि मग सासरी जातात. आणि केस जायला लागतात तेही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. पोर सासरचा उंबरा ओलांडते, आणि तिकडे फणी भरायला लागते. मग माहेरची आई छाती बडवते, पाण्यानं घात केला. आणि सासू म्हणते, माहेरी उपाशी ठेवली. केस कुणीच खात नाही. त्यांची वेळ ठरलेली आहे, आणि नेमकी त्याच वेळेला आपण पोरीला गाडीत बसवतो!

किती पिढ्या आपण एकमेकांच्या विहिरींना शिव्या दिल्या असतील?

९ सप्टेंबर

एका गुलजारबीवरून सिद्धान्त बांधू नये. दुकानी भांडं घ्यायला, पोचे काढायला येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायचा सपाटा लावलाय. आधी लाजतात, मग अशा बोलतात की थांबत नाहीत. बायकांना हे कुणी कधी विचारलेलंच नाही!

पेठकडची एक आली होती. आई लहानपणी गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. "आमचं तठंच गेलं न् तठंच आलं," म्हणाली. दुसरी इथलीच, नवरा दूरदेशी म्हणून सहा महिने माहेरी राहिलेली. तिचे माहेरातच गळले. तिच्या आईने मग तेल्याशी भांडण काढलं. कुणाशी तरी काढायचंच ना!

भागी म्हणते, म्हातारपणी परक्या बायकांच्या वेण्यांची चौकशी करता, लोक काय म्हणतील. म्हटलं, बरं, घरच्या बाईची करतो. तुझे कधी गेले होते? आठवून म्हणाली, "पहिल्या खेपेला. इथे आले आणि महिन्याभरात गेले. पण ते तुमच्या आईच्या जाचानं."

हिच्यापुढे सिद्धान्त चालत नाहीत.

२१ सप्टेंबर

सरूला गोदेच्या घाटाच्या पायऱ्या चढवेनात. मध्येच बसते, धाप लागते, ओठ पांढरे. म्हणून डॉक्टरीणबाईंकडे नेली. केसांसाठी नव्हे. पण जे पाहिलं ते या जन्मी विसरणार नाही.

आपली मराठीच बोलणाऱ्या बाई, पायात बूट, बोलणं तोफेचं. सरूची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली. रक्त पार आटलंय म्हणाल्या. मग पदर काढायला लावला. कानामागचे गुंजेचे डाग पाहिले, आणि भागीकडे असं पाहिलं की ती माझ्या मागे सरकली. वेणी विरळ दिसू नये म्हणून भागीने सरूच्या केसांत गंगावन घालून ते करकचून बांधलं होतं. ते ओढून ओढून कडेचे उरलेलेही उपटले जातायत, तुम्ही झाकायला जाता आणि उघडं पाडता, असं म्हणून बाईंनी ते सोडवून भागीच्या हातात दिलं. भागीने ते मेलेल्या सापासारखं धरलं.

मी धीर करून गुलजारबीचं सांगितलं. विहिरीचं, अंगणाचं. बाई ऐकत राहिल्या. मग सरूच्या खांद्यावर पडलेला एक केस उचलला, काचेवर ठेवला आणि मला म्हणाल्या, या इकडे. उभ्या नळीचं भिंगाचं यंत्र. एक डोळा मिटला.

केस कसला तो! सागाचा सोट. त्याच्यावर खवले, एकावर एक, कौलं घातल्यासारखे. आणि बुडाला एक पांढरी गाठ, मोत्यासारखी. मी म्हटलं, हे मूळच उपटलं की हो! बाई म्हणाल्या, नाही. हा केस पिकून, देठ सोडून पडलाय, फळ पडावं तसा. मूळ आत आहे.

प्रत्येक केसाला आयुष्य असतं म्हणे. वाढतो, थांबतो, गळतो. डोक्यावर सगळे एकाच वयाचे नसतात, म्हणून रोज थोडे जातात आणि कळत नाही. पण पोटात पोर असलं की बाईचं शरीर एकही केस सोडत नाही. सगळ्यांना धरून ठेवतं. म्हणूनच गर्भारपणात वेणी भरते! बाळ बाहेर आलं, की धरून ठेवलेले सगळे एकदम सुटतात. सुटतात, पण लगेच पडत नाहीत. तीनेक महिने नुसते टेकून उभे असतात. आज फणीत आलेला केस तीन महिन्यांपूर्वीच सुटलेला असतो.

आणि मग त्या बोलल्या ते, जसंच्या तसं — "आजोबा, तुम्ही म्हणता केस पडतोय. खालून नवा आलाय, तो त्याला ढकलतोय."

मी खाली बसलो. तिथेच, फरशीवर. बाईंना वाटलं मलाच चक्कर आली.

औषध फार थोडं. लोहाची काळी बाटली, रक्तासाठी. रक्त भरलं नाही तर नवे केस धरायचे नाहीत म्हणाल्या. अळिवाची खीर, हिरव्या पालेभाज्या, गूळ, खजूर. वेणी सैल. कढत तेल नको, उगाळलेलं काही नको, पण न्हाणं टाळायचं नाही. न्हाण्याने निरोगी केस तुटत नाही, जाणारा जातो. आणि वाट पाहणं. किती? तर केस महिन्याला पाऊण बोट वाढतो. शेवटी हेही म्हणाल्या की सगळ्याच बायकांचं असं नसतं. कुणाचे तापाने जातात, कुणाचे उपासाने, कुणाचे काही आतल्या दुखण्याने, आणि कुणाचे परतही येत नाहीत. तेव्हा गावभर दवाखाना उघडून बसू नका.

मला ओळखलं बाईंनी.

२२ सप्टेंबर

पडत नाही, ढकलला जातो. दिवसभर हेच. आज एका घागरीला गळ्याऐवजी पोटात ठोका मारला.

१८ ऑक्टोबर

परसात उन्हात सरू केस वाळवत बसली होती. मी पाठमोरा उभा होतो, सहज वळलो. ऊन कपाळावर तिरपं पडलेलं. केसांच्या कडेने, जिथे उघडं पडलं होतं तिथे, सगळीकडे उभी बारीक लव, दोन-अडीच बोटांची! मुगाला मोड यावेत तशी. वाऱ्याने हलत होती. मी बघतोय हे तिला माहीत नव्हतं. अक्षरं मी भांड्यांवर लोकांची नावं कोरता कोरता शिकलो, ही अशी गोष्ट लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत. कुणी हातोडा मारला नाही, कुणी भाता फुंकला नाही. आतल्या आत, अंधारात, कोण हे काम करतं?

ओठांना रंग आलाय. घाटाच्या पायऱ्या काल न थांबता चढली.

२७ ऑक्टोबर

दिवाळी. बाळाजी आला नाही. त्याचं ताट मांडलं होतं ते भागीने उचललं. सरूने मला एकटं गाठून विचारलं, "आबा, तुम्ही सगळ्या गावाला विचारलंत. मला नाही विचारलंत, मला काय हवंय ते."

विचारलं. म्हणाली, "मला घरी जायचंय." घरी! आणि ती हे आमच्या घरात उभी राहून म्हणाली.

१० नोव्हेंबर

आज कार्तिकी पौर्णिमा. कुसाबाई गोदेवर स्नानाला आल्या आणि ओले केस घेऊन थेट दारात. मागे बाळाजी बोचकं धरून. त्यांनी पाण्याचा तांब्याही घेतला नाही. म्हणाल्या, "घोटीकर उद्या होय-नाय ऐकायला यायचेत. पोरगा अडून बसलाय, अन्न सोडलंय. मी म्हटलं एकदा डोळ्यांनी बघून जावं, मग बोलावं."

भागी तोंड उघडणार होती. मी डोळ्यांनीच विनवलं. मी स्वतःही गप्प बसलो. ही माझी आयुष्यातली सर्वांत अवघड कामगिरी.

सरू उठली. पदर काढला, वेणी सोडली आणि सासूपुढे खाली बसली. "आत्याबाई, हात लावून बघा."

कुसाबाईंनी आधी नुसतं पाहिलं. मग बोट ओलं करून कपाळाची कड चाचपली. मग दोन्ही हातांनी. नवे केस आता चांगले उभे राहिलेत, जुन्यांत मिसळत नाहीत, दाढीसारखे वेगळे दिसतात. म्हणाल्या, किती वाढलेत हे? मी बोट आडवं लावून दाखवलं, तीन बोटं भरली. महिन्याला पाऊण बोट, डॉक्टरीणबाईंचा हिशेब सांगितला.

त्या पेरांवर मोजायला लागल्या. कार्तिक, आश्विन, भाद्रपद, श्रावण... आषाढाच्या पेरावर अंगठा थांबला.

हे मला सुचलंच नव्हतं! आषाढात सरू कुठे होती?

"म्हंजे हे माझ्या घरी उगवलेत," कुसाबाई म्हणाल्या. हळू. सरूच्या डोक्यावरचा हात तसाच.

त्याच आषाढात, त्याच पाण्यात, त्याच दिवाळी ते दिवाळी कल्हईच्या भांड्यातलं खाऊन! जुने जात होते तेव्हाच नवे येत होते, त्याच डोक्यावर, त्याच घरात. आणि आम्ही दोन घरं फक्त गळलेल्यांवर भांडत बसलो. उगवत होते ते कुणाच्याच नजरेला आले नाहीत.

मग कुसाबाई मागे न बघता लेकाला म्हणाल्या, "घोटीला सांगून धाड. नाय म्हणावं." आणि सरूला म्हणाल्या, "फणी आण."

वेणी त्यांनीच घातली. सैल.

११ नोव्हेंबर

गेली. नात टांग्यातून हात हलवत होती, कुणाला ते तिलाच ठाऊक. भागी म्हणाली, बघा हं, त्या बाईने शेवटी श्रेय स्वतःकडेच घेतलं. म्हटलं, घेऊ दे. श्रेय घेतलं म्हणजे पोरही घेतली.

२४ जुलै १९३६

नागपंचमीला सरू आली नाही. बाळाजी एकटाच आला. तिला दिवस गेलेत. ऐकल्याबरोबर भागीने बाळंतिणीची बाज माळ्यावरून काढायला सांगितली. तेव्हा त्याने मान खाली घालून आईचा निरोप दिला — "औंदा बाळंतपण हितंच. जे गळायचं ते माझ्या दारात गळू द्या."

भागी बाजेला हात टेकून उभी राहिली. मग मला म्हणाली, "इगतपुरीची गाडी किती वाजता असते हो?"